हातात काय आहे?

प्रिय भिंगरी,

तुझ्या खोलीचं आम्ही ऑफिस केलं. आडून आडून सांगत बसले असते तर तू मधली पानं सोडून शेवटच आधी वाचला असतास, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हो', 'बरं' आणि 'जेवलीस का' यांच्यापुढे जात नाहीस, आणि मला या वेळी बरंच सांगायचंय. तेव्हा चहा कर आणि नीट बस. मधेच उठलीस तर मला इथे कळेल, असं समज.

झालं असं, की बाबांच्या कंपनीने त्यांचं फोनचं ऑफिसच बंद केलं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि आतलं घंटेचं बटण दाबलं की जिथे फोन लागतो, ते ऑफिस. तिथल्या आठही जणांना आपापल्या घरी बसवलं. एक कॉम्प्युटर दिला, कानाला लावायचं ते यंत्र दिलं आणि एकच अट घातली, की खोलीला बंद होणारं दार हवं. आपल्या घरात नीट बंद होणारी दारं तीन. एक आमच्या खोलीचं, एक बाथरूमचं आणि एक तुझ्या खोलीचं, जे तू लहानपणी आपटून आपटून चौकटीत चपखल बसवलं होतंस. इकडे माझंही घोडं जेवणाच्या टेबलावर अडलेलं होतं. सध्या नद्यांवरच्या पुलांविषयीच्या एका सहाशे पानी पुस्तकाची सूची करतेय. कोणता विषय कोणत्या पानावर, ते एकेका कार्डावर लिहायचं, कार्डं टेबलभर मांडायची आणि पानं वाढायची वेळ झाली की सगळा पसारा उचलायचा. एकदा ताटातलं काहीतरी सांडलं आणि 'झुलते पूल' पिवळे झाले. त्या दिवशी मी जाहीर केलं, की मलाही ती खोली हवी.

खोली मोजायला बाबा टेप घेऊन गेले आणि येऊन म्हणाले, "तेरा माणसांच्या दोन लिफ्ट आणि वर एक चार माणसांची." मी म्हटलं, मला फुटात सांगा. त्यांना फुटात सांगता येईना. तुला आठवतं, तू सात वर्षांची असताना एका लिफ्टची सगळी बटणं एकदम दाबली होतीस आणि बाबांनी तुला त्या लिफ्टला सॉरी म्हणायला लावलं होतं? आणि तू म्हणालीही होतीस, बटणांना हात लावून. तोच हा माणूस. सुताराने दोन टेबलं केली, दोन समोरासमोरच्या भिंतींना लावून. म्हणजे बसलं की आमची पाठ एकमेकांकडे असते. मधून जमिनीवर बाबांनी निळी चिकटपट्टी लावली, ही तुझी हद्द, ही माझी. माझी कार्डं रोज अतिक्रमण करतात.

दोन गोष्टींवरून मात्र आमचं वाजलं. एक म्हणजे तुझा पलंग. तो काढला असता तर माझं कपाट आत मावलं असतं. बाबा म्हणाले, "राहू दे." का, ते नाही सांगितलं. दुसरी गोष्ट म्हणजे घरातला जुना फोन. त्यावर चुकून लागलेल्या फोनांखेरीज कुणाचा फोन येत नाही. बाहेरच्या खोलीत धूळ खात पडला होता, तो बाबांनी वायर ओढून आपल्या टेबलावर आणून ठेवला. मी म्हटलं, कंपनीचा फोन आहे, तुमचा खिशातला आहे, हे तिसरं काय करायचंय? तेव्हाही तोंडात मिठाची गुळणी. तुला तर ही गुळणी चांगली माहीत आहे.

आता मी त्या विषयाकडे येते, ज्याला तू आणि मी दोन वर्षं वळसा घालून जातोय. तू तुझ्या नवऱ्याचं घर सोडलंस त्या दुपारी इथे फोन केलास. मी प्रकाशकाकडे गेले होते, बाबांची सुट्टी होती, म्हणून फोन त्यांनी घेतला. तू म्हणालीस, मी घर सोडलं, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाशी उभी आहे. त्यावर त्यांनी तुला जो प्रश्न विचारला, तो ऐकताच तू फोन ठेवून दिलास, आणि नंतर तो मला रडत रडत सांगितलास तेव्हा मीही चिडले. त्या संध्याकाळी मी त्यांना फाडफाड बोलले. पोरगी रस्त्यावर उभी होती आणि तुम्हाला तिच्या सामानाची पडली होती! तेव्हापासून तू त्यांच्याशी बोलत नाहीस. माझ्या फोनवर चुकून ते आले तर 'आई आहे का' एवढंच विचारतेस आणि ते मला आणून देतात. माझं तुला पटत होतं आणि तुझं मला, त्यामुळे त्यांचं काय, हे कुणीच विचारलं नाही.

ऑफिस सुरू झालं त्या पहिल्या सोमवारी मी पुलांच्या 'क'मध्ये होते. कमानी, कठडे, कोसळलेले. मागे पहिला फोन वाजला. आणि बाबांचा आवाज आला. भिंगरी, एकतीस वर्षं संसार केलाय या माणसाशी, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. इतका मऊ आणि इतका सावकाश, की मी वळून खात्री केली, खुर्चीत तेच बसलेत ना. आपण समजत होतो, की बाबा फोनवर 'मेकॅनिक निघालाय' म्हणतात आणि ठेवून देतात. तसं नसतं. मेकॅनिक येईपर्यंत ते बोलत राहतात. दहा मिनिटं, चाळीस मिनिटं, कितीही. पलीकडचं मला ऐकू येत नाही, फक्त यांचं. "हो का? केवढी आहे? आणि रंग?" माझं काम बाजूला राहिलं. कशाचा रंग? पलीकडे कोण आहे? मी कार्डावर पुलाऐवजी प्रश्न लिहायला लागले.

आणि दुसऱ्याच फोनवर, बाईमाणूस असावं, कारण बाबा 'ताई' म्हणत होते, त्यांनी नाव विचारलं, मजला विचारला आणि मग अगदी सहज म्हणाले, "तुमच्या हातात काय आहे?"

हो, तोच प्रश्न, शब्दाशब्दाने तोच. माझ्या हातातली कार्डं निळ्या पट्टीच्या पलीकडे जाऊन पडली आणि ती मी उचललीही नाहीत. आधी राग आला, म्हणजे ही यांची सवयच आहे! मग कान टवकारून बसले. तिसऱ्या फोनला तोच प्रश्न, चौथ्याला तोच. एका माणसाच्या हातात गादी होती. गादी घेऊन कुणी लिफ्टमध्ये शिरतं? पण शिरला होता. एका बाईकडे पोपटाचा पिंजरा होता आणि बाबांनी पोपटाशीही दोन मिनिटं बोलून घेतलं. एका आजोबांकडे फक्त काठी होती. बाबांनी त्या काठीची मूठ कसल्या लाकडाची, ती कुणी दिली, कधी दिली, सगळं विचारलं, आणि पंचवीस मिनिटांनी आजोबा सुटले तेव्हा फोन ठेवायला तयार होईनात.

दोन दिवस मी पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत खुर्ची वळवून सरळ विचारलं, हे हातातलं काय प्रकरण आहे? त्यांना नवल वाटलं, की हे मला माहीत नाही. म्हणाले, "अडकलेल्या माणसाला घाबरू नका म्हटलं की तो जास्त घाबरतो. पाच मिनिटांत सुटाल म्हटलं की घड्याळ बघत बसतो. त्याला डोळ्यांनी बघून सांगण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं. हातात काय आहे विचारलं की तो खाली बघतो, हात त्याला आपलेच दिसतात, मग श्वास जागेवर येतो." एवढं लांब वाक्य त्यांनी लग्नाच्या बोलणीतही उच्चारलं नव्हतं. पुढे म्हणाले, हे कंपनीने नाही शिकवलं. सुरुवातीला मेकॅनिक असताना ते स्वतःच एका मालवाहू लिफ्टमध्ये चार तास अडकले होते, अंधारात. हातात एक पाना होता. त्या पान्यावर बोट फिरवून फिरवून त्यांनी वेळ काढला. मला ही गोष्ट माहीत नव्हती, तुला होती का?

मी तेव्हा तुझ्या फोनचा विषय काढला नाही. धीरच झाला नाही, कारण त्यांना फाडफाड बोलणारी मी होते. त्याऐवजी मी माझ्या स्वभावावर गेले आणि विचारलं, इतक्या वर्षांत लोकांच्या हातात काय काय होतं, ते लिहून ठेवलंय का? तर लाजत लाजत खालचा खण उघडला. भिंगरी, बावीस वह्या! स्वतः आखलेले रकाने. तारीख, नाव, ठिकाण, मजला, हातात, कोणाला पाठवलं, सुटका. मी म्हटलं, याची सूची मी करणार. ते म्हणाले, "कोण वाचणार आहे?" मी म्हटलं, मी. पूल पडले तिकडे, प्रकाशकाला थापा मारल्या, आणि महिनाभर मी त्याच कामाला लागले. छत्री सगळ्यांत जास्त. किल्ल्या त्याखालोखाल. ओलं कुत्रं, दोनदा. पिपाणी, एकदा. 'काहीच नाही, दोन्ही हात रिकामे' हेही आहे, आणि त्यापुढे कंसात बाबांनी लिहिलंय, 'तळहाताच्या रेषा मोजायला लावल्या.' अशी माणसं मला रोज भेटत होती आणि मी मजेत होते.

परवा मंगळवारी एकविसावी वही घेतली. मधल्या पानावर ती तारीख आली. ठिकाण: कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान. मजला: आडवी रेघ. नावाच्या जागी तुझं नाव नाही, 'भिंगरी' लिहिलंय. हातात: कोरं. कोणाला पाठवलं: 'स्वतः.' सुटका: कोरं.

स्वतः, भिंगरी. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा दाराला कुलूप होतं. संध्याकाळी ते परतले, घामाने चिंब, आणि कुठे होता विचारलं तर म्हणाले, 'इथेच.' ते त्या दुकानाशी उभे होते. तू तोवर मैत्रिणीकडे निघून गेली होतीस. मी वही तशीच उघडी धरून खुर्ची वळवली आणि म्हटलं, हे तुम्ही तिला का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं? नंतर एकदाही तिला फोन का नाही केला? मी रडत होते, त्यामुळे प्रश्न सगळे एकदम आले. त्यांनी आधी वही माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "लाइन तुटली की आपण लावायची नसते. आपण इकडून लावत राहिलो आणि त्याच वेळी आतल्या माणसाने बटण दाबलं, तर त्याला लाइन बिझी लागते. त्याला वाटतं, कुणी नाही. म्हणून लाइन मोकळी ठेवायची आणि थांबायचं." मी म्हटलं, अहो, दोन वर्षं? ते म्हणाले, "सुटका लिहिलेली नाही ना अजून."

तेव्हा मला कळलं, तो जुना फोन त्यांनी टेबलावर का आणला. तू त्या दिवशी त्याच नंबरवर फोन केला होतास. आणि पलंग का काढू दिला नाही, तेही. चादर ते स्वतः बदलतात, मला वाटायचं त्यांना दुपारी आडवं व्हायला लागतं. या माणसाला आपण दोघींनी मिळून दगड ठरवला, आणि मी तर त्यांच्या शेजारी झोपून ठरवला. माझी चूक तुझ्यापेक्षा मोठी आहे. तुझी तर चूकच नाही. रस्त्यावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या पोरीला कसं कळावं, की बाप तिच्याशी जगातलं सगळ्यांत जपून ठेवलेलं वाक्य बोलतोय? त्यांनाही सुचलं नाही, की तू लिफ्टमध्ये नाहीस. घाबरले होते, भिंगरी. घाबरल्यावर माणूस त्याला जे येतं तेच करतो.

हे पत्र लिहिलंय ते यासाठी. ते फोन करणार नाहीत, त्यांच्या नियमात बसत नाही, आणि मी कितीही डोकं आपटलं तरी तो नियम बदलणार नाही. बटण तुलाच दाबावं लागेल. दुपारी दोन ते तीन त्यांची सुट्टी असते. मी त्या वेळी मुद्दाम बाहेर जाईन, प्रकाशकाकडे पुलांबद्दल बोलणी खायला. जुना नंबर तुला पाठ आहे. एका घंटेतच उचलतील. मग थोडा वेळ काहीच बोलणार नाहीत, तेव्हा ठेवू नकोस. आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, तर या वेळी उत्तर दे. सांग, आईचं पत्र आहे.

तुझीच, आणि उशिरा का होईना त्यांचीही,
आई