विषय : श्री नरसिंह प्रसन्न

४ जानेवारी १९९९
लोणी देवकरच्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात आजपासून ई-मेल. मालक शंभूराजसाहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं. साहजिकच. पत्रव्यवहारात माझा हात धरणारा इथं आहे कोण? मार्चमध्ये ऑफिस मॅनेजर नेमायचाय, तोही ठरल्यात जमा. टायपिस्ट माधवीने बारामतीला कम्प्युटरचा कोर्स केलाय म्हणे. असेल.

६ जानेवारी
पत्राच्या डोक्यावर देवाचं नाव, हा आमच्या आजोबांपासूनचा रिवाज. मेलमध्ये वर ‘सब्जेक्ट’ म्हणून एक रकाना उगाच रिकामा पडलेला असतो. तिथं ‘श्री नरसिंह प्रसन्न’ टाकलं. प्रत्येक मेलला तेच. माधवी म्हणाली, काका, तितं कामाचा विषय लिहायचा असतो. म्हटलं, पोरी, देवापेक्षा मोठं काम कुठलं? पुन्हा टायपिंगला लागली. पटलं असणार.

११ जानेवारी
मेन्यूत एक झकास सोय सापडली. एका विषयाची पत्रं आणि त्यांची उत्तरं प्रोग्रॅम आपणहून एका ओळीखाली गोळा करतो. चालू केली. सगळा इनबॉक्स एका ओळीत! पुढे छोटीशी अधिकची खूण, बस. साहेबांच्या स्क्रीनवर नुसता ओळींचा बाजार. शिस्त अंगातच असावी लागते.

२ फेब्रुवारी
कोइमतूरच्या पार्टीला मोठ्या ऑर्डरचं कोटेशन पाठवलंय. उत्तर नाही. रोज बघतो, तीच एक ओळ. मधूनच ती ठळक काळी होते. मॉनिटर खराब. साहेबांना मेल केला : पार्टी बोगस आहे. सब्जेक्ट अर्थातच नेहमीचा.

१५ फेब्रुवारी
साहेबांना कोइमतूरहून फोन. केबिनमधून बराच आरडाओरडा. मग साहेब बाहेर आले, माझ्याकडे नुसतं बघितलं, आत जाऊन टाइप करत बसले. पार्टी बोगस निघाली, आता कुठल्या तोंडाने बोलणार माझ्याशी?

२२ फेब्रुवारी
साहेब गप्पच. तक्रार नाही म्हणजे नाव पक्कं. बायको, द्वारका, नरसिंहपूरला जाऊन नारळ फोडून आली. आळीत पेढे वाटले. शेजारच्या फुलाबाईंना सांगत होती, आमचं ह्ये म्यानेजर झालं न्हवं! इतकी खूश ती लग्नातही दिसली नव्हती. मी थांबवलं नाही.

१ मार्च
नवा शर्ट घालून मॅनेजरच्या टेबलाशी गेलो. खुर्चीत माधवी. हळूच म्हणाली, काका, साहेबांचा मेल वाचला न्हाय का?

कसला मेल?

तिने माझ्या कम्प्युटरवर त्या अधिकच्या खुणेवर क्लिक केलं. एका ओळीतून ओळी निघतच राहिल्या. कोइमतूर : ऑर्डर पक्की, ताबडतोब होकार कळवा. कोइमतूर : अजून वाट बघतोय. कोइमतूर : ऑर्डर दुसरीकडे दिली. सगळ्यात खाली साहेब : एक मार्चपासून माधवी मॅनेजर, तुम्ही गेटवर आवक-जावक बघायचं. सब्जेक्ट : श्री नरसिंह प्रसन्न.

तोंडात मारल्यासारखं झालं. माधवीने पाणी आणून दिलं. प्यायलो.

संध्याकाळी द्वारका दारातच उभी. म्हणाली, बसला का वो खुर्चीवर?

बसलो, म्हटलं. गेटवरही एक खुर्ची आहे.