अठ्ठ्याऐंशी नंबरची कड

लिटल फॉल्स, न्यूयॉर्क
१४ एप्रिल २००९

प्रिय मेव्हिसताई,

डेल्बर्टच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि तुमचा रक्तदाब तुम्ही म्हणता तेवढा नसून डॉक्टर म्हणतात तेवढाच असेल, अशी आशा करतो. मी ठीक आहे. इडेलाला जाऊन पाच आठवडे झाले. शेजारणींनी आणून दिलेली मॅकरोनीची अकरा भांडी मी संपवली, घासली आणि बुडाशी चिकटवलेली नावं वाचून ज्याची त्याला पोचवली. बाराव्यावर नाव नाही. ते टेबलावर तसंच आहे.

गेल्या मंगळवारी इडेलाच्या क्लबातले, युटिकाचे व्हॉसबर्ग घरी येऊन गेले, त्याबद्दल लिहायचं आहे. तुमच्या बहिणीच्या छंदाचा विषय निघाला की तुम्ही हवामानाकडे वळायचा (तिच्या ते लक्षात होतं), म्हणून थोडं मागचं सांगतो. दीडशे वर्षांपूर्वी घोडागाडीतून आणि कालव्यातल्या होडीतून तातडीची पार्सलं पोचवणाऱ्या कंपन्या होत्या. कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः सही केलेले त्यांच्या शेअरचे जुने कागद इडेला जमवायची. त्यात तिचा सर्वांत लाडका होता मोहॉक अँड लेक्स एक्स्प्रेस कंपनीचा अठ्ठ्याऐंशी नंबरचा, त्यावर अध्यक्ष इरॅस्टस क्विम्बीची सही. हे शेअर वहीतून कापून देताना कारकून मुद्दाम नागमोडी कात्री चालवायचा. अर्धी नक्षी शेअरवर जायची, अर्धी वहीतल्या स्थळप्रतीवर राहायची. दोन्ही कडा जुळल्या तर शेअर खरा. ती वही व्हॉसबर्गांकडे आहे.

हे सगळं मला १९९२च्या जानेवारीत, शेअर जमवणाऱ्यांच्या क्लबच्या सभेत कळलं. दुर्दैवाने त्याआधी १९९१चा ख्रिसमस येऊन गेला होता. त्या ख्रिसमसला मी इडेलासाठी चेरीच्या लाकडाची फ्रेम केली. कालव्याच्या दारांवर एकतीस वर्षं नोकरी केली, पाण्याची पातळी मोजताना कधी पाव इंच चुकलो नाही, आणि ही फ्रेम अर्धा इंच अपुरी झाली. शेअरची डावी कड वेडीवाकडी दिसली. मला वाटलं, कारकुनाचा हात थरथरत असेल. मी पट्टी धरली आणि ब्लेडने ती सरळ करून टाकली. (त्या वेळी मला त्या माणसापेक्षा आपण बरे, असंही वाटलं होतं.) सभेत कडेचा अर्थ ऐकला तेव्हा माझ्या हातातली कॉफी सेक्रेटरीच्या मांडीवर सांडली. इडेलाला मात्र मी काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पुढे दरवर्षी व्हॉसबर्ग चारचौघांत तिला विचारायचे, "काय बाई, यंदा तरी कड जुळवायची का? की क्विम्बीची सही तुमच्याच स्वयंपाकघरात झाली?" लोक हसायचे. इडेला म्हणायची, "माझ्या शेअरला परक्यांच्या वह्या सोसत नाहीत." मला वाटायचं, काय हट्टी बाई आहे, आणि देवा, तिला असंच हट्टी ठेव.

आता क्लब अस्सल शेअरांची यादी छापतो आहे. तपासणीचं काम व्हॉसबर्गांकडे. कड जुळली नाही तर इडेलाचं नाव बनावट माल बाळगणाऱ्यांत छापलं जाणार, आणि उत्तर द्यायला ती नाही. खरं काय ते फक्त मला माहीत. सोमवारभर मी कालव्याच्या काठाने चालत कबुलीजबाब पाठ केला.

ते ठीक दहाला आले. काळा टाय, बगलेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली वही. कॉफी नको म्हणाले. फ्रेम पालथी घालून खिळे उपसू लागले.

"सोळा खिळे! टेफ्ट, ही फ्रेम आहे की कालव्याचं दार?" त्यांनी मला विचारलं.

मी पाठ केलेलं पहिलं वाक्य विसरलो. सोळावा खिळा निघाला, त्यांनी शेअर उलटा केला आणि त्यांचा चेहरा पडला.

"कुठल्या खाटकाने केलं हे?"

"मी," म्हणालो. पाठ केलेलं इतकं सगळं, त्यातलं एवढंच बाहेर आलं.

तेवढ्यात फ्रेमच्या पाठीमागून एक पाकीट घसरून पडलं. अक्षर इडेलाचं. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता, पण वाचलं त्यांनीच: "लोवेलच्या कामाच्या खोलीतल्या कचऱ्यातून, २७ डिसेंबर १९९१. त्याला कळू द्यायचं नाही. फार मन लावून केली आहे त्याने."

आत मी कापून टाकलेली ती नागमोडी कड होती, पट्टीसारखी. व्हॉसबर्गांनी वही उघडली, पट्टी मधे ठेवली, शेअर हलकेच सरकवला. नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळली.

"सतरा वर्षं मी तिला सगळ्यांसमोर खोटी ठरवलं," ते म्हणाले, "आणि ती हसत बसली. तुमच्या अर्ध्या इंचासाठी."

मी ॲपल पाय कापला. सोबत चीजचा तुकडा ठेवला, तिच्यासारखा. त्यांनी दोनदा घेतला. मग यादीत लिहिलं: "८८. अस्सल. कड दोन तुकड्यांत, मालकिणीच्या नवऱ्याच्या कृपेने." मी ते खोडू दिलं नाही.

डेल्बर्टला नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा मेहुणा,
लोवेल

ता. क. त्याच ख्रिसमसला इडेलाने तुम्हाला एक्केचाळीस नंबरचा शेअर पाठवला होता, तो तुमच्या बैठकीच्या खोलीत आहे. ती फ्रेमही मीच केली होती, त्याच लाकडाची आणि त्याच मापाची. व्हॉसबर्ग गेल्यावर पाहिलं, तर पाकिटात पट्ट्या दोन निघाल्या. दुसरीवर लिहिलं आहे: "मेव्हिसची. तिला तर मुळीच सांगू नये, जन्मभर चिडवेल." ती सोबत जोडली आहे. व्हॉसबर्ग मे महिन्यात तुमच्या शेअरची कड तपासायला तिकडे ओहायोला येणार आहेत. त्यांनी तुमचा पत्ता विचारला आणि विचार करण्याआधीच मी तो देऊन बसलो. तेव्हा कृपा करून तेवढे सोळा खिळे काढून पट्टी मागे सरकवून ठेवा, आणि ते आले की तुम्हालाही आश्चर्य वाटू द्या. चिडवायचं असेल तर चिडवा. हल्ली घरात फार शांतता असते.

ता. क. २. पत्र साध्या टपालाने पाठवतो आहे. महत्त्वाची वस्तू इडेलाने कधी एक्स्प्रेस कंपनीकडे दिली नाही. म्हणायची, त्यांचे कागद मी फार जवळून पाहिले आहेत.