पत्रिकेवरचं बी. ए.

गुलबर्गा,
५ जून १९६७

तीर्थरूप अप्पा,

तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून चंद्रभागा लिहिते. मी आणि राजूआत्या बऱ्या आहोत. आत्याचे गुडघे दुखतात, पण तोंड ठणठणीत आहे. शेजारच्या पार्वतम्माने लोणच्यासाठी कैऱ्या दिल्या. त्या फोडताना मीठ किती घालायचं यावरून दोघींचं मराठी-कानडीत भांडण झालं आणि मिटलंही. आईने पाठवलेला गुळाचा डबा पोचला.

लग्नाची पत्रिकाही पोचली. कागद चांगला जाड आहे. हळदीचं बोट आईनेच लावलं असणार, कारण एका कोपऱ्यात अख्खा अंगठा उमटला आहे. रामकिशनरावांच्या नावापुढे बी. ए., बी. एड. आणि माझ्या नावापुढे बी. ए. आत्याने ती पार्वतम्माला दाखवली आणि पार्वतम्माने सगळ्या गल्लीला. मी मात्र ती पालथी घालून ठेवली आहे.

आमचा निकाल लागून आठवडा झाला. इतिहासात मी कॉलेजात दुसरी आले. राज्यशास्त्र, मराठी, इंग्रजी, सगळं सुटलं. एवढं वाचून तुम्ही गल्ल्यावरून उठून पेढे आणायला निघाल, म्हणून म्हणते, जरा बसा.

मी बी. ए. झालेली नाही.

जनरल एज्युकेशनचा पेपर राहिला. आमच्याकडे इतिहासवाल्यांना थोडं विज्ञान आणि विज्ञानवाल्यांना थोडा इतिहास शिकावाच लागतो. तो पेपर सुटल्याशिवाय पदवी नाही, मग बाकीच्यांत कितीही मार्क मिळोत. मुली त्याला नुसतं 'जनरल' म्हणतात आणि त्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या काढतात. तुमच्या दुकानाच्या पाटीवर 'किराणा व जनरल' आहे, त्यातलंच हे जनरल असं तुम्हाला वाटलं असेल. सुई, दोरा, कंगवा, काय उरलंसुरलं ते. पण सुई नसली की गिऱ्हाईक साखरही दुसरीकडून घेतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

पेपर गुरुवारी होता. रामकिशनरावांची मंडळी मला बघायला आली तोही तोच गुरुवार. आदल्या दिवशी तुम्ही मला न्यायला इथे आलात, तेव्हा मी सांगितलं होतं, अप्पा, उद्या माझा शेवटचा पेपर आहे. तुम्ही म्हणालात, "खऱ्या इषयांचे पेपर झाले न्हवं? मंग त्या जनरलसाठी कामून रडायलीस? पाव्हणे काय रोज रोज येतेत व्हय?"

आत्या मध्ये पडली. "अंकुश्या, पाव्हणे शुक्रवारी आले तर काय आभाळ पडायलंय? लेकराला पेपर दिऊ दे."

तुम्ही ऐकलं नाही. मी पिशवी भरली आणि तुमच्या मागून बसमध्ये चढले. दुसऱ्या दिवशी इथे हॉलमध्ये पेपर वाटत होते, तेव्हा आपल्या घरी मन्नाएखेळ्ळीत मी पोह्यांच्या ताटल्या वाटत होते. त्यांच्या मामांनी विचारलं, "पोरगी किती शिकली?" तुम्ही म्हणालात, "बी. ए. झाल्यालीच समजा."

मग निकालाआधीच तुम्ही पत्रिका छापल्यात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा बिचारा शांत आहे, बाशिंग बांधून तुम्हीच बसलात. हसू नका, मी रागावलेली आहे.

तुम्हाला न विचारता मी एक काम केलं आहे. आत्याने दोनदा सांगून पाहिलं की आधी बापाला कळव. तरी निकाल लागला त्या दिवशी मी उदगीरला रामकिशनरावांना सगळं खरं लिहिलं. आज त्यांचं उत्तर आलं. लिहितात, काळजी करू नका, एका जनरल पेपरचं काय एवढं, तुम्ही बी. ए. झालात असंच मी आमच्या घरी सांगतो, प्रमाणपत्र कोण बघायला मागणार आहे.

माणूस चांगला आहे, अप्पा. माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाला. पण हा पेपर मला हवाच कशाला, हे त्यांनीही विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नव्हतं. आता न विचारता सांगते. हे पुढचं आईला वाचून दाखवू नका. मी येऊन तिच्याशी बोलेन.

मागच्या वर्षी जनरलच्या सरांनी आम्हाला घरून पिण्याचं पाणी आणायला सांगितलं. मी आत्याच्या रांजणातलं नेलं. सरांनी त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि एकेकीला बघू दिलं. त्या थेंबात जिवंत काहीतरी वळवळत होतं. सर म्हणाले, हे तर दिसतं तरी, याहून कितीतरी बारीक जंतू घाण पाण्यात असतात, पटकी त्यांच्यामुळे होते, आणि पाणी उकळलं की ते मरतात. घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या रांजणात किडे म्हणायलीस?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता उकळते, शिव्या देत देत.

मला त्या तासाला आपला नरसिंग दिसत होता. तुम्ही त्याचं नाव घेत नाही म्हणून मीही कधी घेतलं नाही. दुकानामागच्या आडावर लॉरीवाले आंघोळी करायचे, कपडे धुवायचे, ते सगळं पाणी परत आडातच मुरायचं. तेच आपण प्यायचो. सकाळी त्याला वांत्या, हगवण सुरू झाली आणि दिवस मावळायच्या आत माझा भाऊ गेला. आई अजून म्हणते, मीच त्याला नवा सदरा घालून रस्त्यावर नेलं, लोकांची नजर लागली, माझ्याच हातानं झालं. इतकी वर्षं ती हे डोक्यावर घेऊन फिरते आहे. त्या तासाला मला कळलं की आईचा काही दोष नव्हता. तास संपल्यावर मी सरांना इतकं विचारलं की पुढच्या वर्गाच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या.

इतिहास मला आवडतो, पण माझ्या घरात काय झालं ते मला या जनरलने सांगितलं. तो पेपर मी उरलासुरला म्हणून टाकणार नाही.

पेपर पुन्हा ऑक्टोबरात आहे. मी आजच फॉर्म भरून दिला. वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांवर माझ्या नावापुढचं बी. ए. शाईने खोडा. ज्यांना गेल्या असतील त्यांना तोंडाने सांगा. लाज वाटली तर माझं नाव सांगा, मला वाटत नाही. आणि हळद लागायच्या आधी उदगीरच्या मंडळींना स्पष्ट कळवा की दसऱ्यानंतर सून अभ्यासाला गुलबर्ग्याला आत्याकडे येईल आणि पेपर देऊनच सासरी परतेल. रामकिशनरावांना मी आजच तसं लिहिते आहे. ते हो म्हणतील असं वाटतं. नाही म्हणाले तर मांडव घालू नका. चार लोक चार गोष्टी बोलतील, मी ऐकून घेईन.

त्या गुरुवारी तुम्ही बोलावलंत आणि मी आले. ऑक्टोबरात कोणीही बोलावलं, तरी मी येणार नाही.

रागावलात तरी तुमचीच,
चंद्रभागा