थॉर घरी आल्यावर

॥ श्री ॥
अल अझीझिया, दोहा
१२ ऑक्टोबर २००२

चि. कुमुद हिस दादाचे अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र परवा गिरीशरावांनी आणून दिलं. इथे पोस्टमन दारोदार फिरत नाही. ज्याचं त्याचं टपाल कंपनीच्या पेटीत पडतं आणि जावई ते ब्रीफकेसमधून घरी आणतात. उन्हात सायकल मारत कुणी आपल्यासाठी येणार नाही, हे अंगवळणी पडायला मला आठ दिवस लागले.

मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण नाशिकात तरी कुठे गप्प होता! समोरच्या फ्लॅटमध्ये साजिदाबाई राहतात. मूळच्या हैदराबादच्या, आपल्या नातीच्या, नुपूरच्याच शाळेत शिकवतात. त्यांचे यजमान महमूद मला मास्टरसाब म्हणतात, तेव्हा आपसूक पाठ ताठ होते.

आता खरी बातमी. सत्तरीत मला नवा देव भेटला! नुपूरने शाळेतून एक पुस्तक आणलं, नॉर्वे-आइसलंडकडच्या जुन्या देवांचं. त्यात थॉर नावाचा मेघगर्जनेचा देव आहे. तांबडी दाढी, हातात घण, बोकडांचा रथ. रात्री तेच बोकड कापून खातो आणि सकाळी हाडांवर घण फिरवून त्यांना उठवतो. एका राक्षसाशी त्याची अशी जुंपते की घण बसून राक्षसाच्या डोक्याच्या ठिकऱ्या उडतात, आणि राक्षसाच्या दगडी हत्याराचा एक तुकडा देवाच्या कपाळात कायमचा रुततो. मेंदूत दगड घेऊन हिंडणारा देव! इंद्र याच्यापुढे फारच चापूनचोपून बसलेला वाटतो.

पोरगी मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. मी तिला रोज एक गोष्ट भुजंगप्रयातात बसवून सांगतो:

नभीं मेघ फाटे, दिसे लाल केश,
फुटे राक्षसाचा कपालप्रदेश!

सातवी ‘ब’ची पोरं अशी एखादी ओळ एका सुरात म्हणायची तेव्हा वर्गाच्या कौलांतून धूळ पडायची. आठवतं ना?

मृणाल बरी आहे. कपाटाचं दार लागून डोळ्याखाली काळंनिळं झालंय. लहानपणापासूनच धांदरट! या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचे कुडते घालते. इथला रिवाज असावा.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा


नाशिक
२५ ऑक्टोबर २००२

ती. दादास कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सात वर्षांच्या पोरीला ‘कपालप्रदेश’! अरे, डोकं म्हण की. तुझ्या राक्षसाच्या आधी माझाच कपालप्रदेश फुटला.

इकडे सगळं ठीक. तुझी तुळस मी जगवली आहे, उपकार मान.

आता थट्टा पुरे. तीन पानं थॉर आणि मृणालच्या वाट्याला तीन ओळी. त्या तीन मी पाच वेळा वाचल्या. दादा, कपाटाचं दार लागलं तर कपाळाला लागतं, नाकाला लागतं. डोळ्याखाली लागायला ते दार मुठीएवढं असावं लागेल. बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. लग्न होऊन गेलेल्या कितीतरी पोरी लांब बाह्या घालून मला भेटायला यायच्या. तो कुठल्या देशाचा रिवाज नाही.

माझं चुकत असेल तर मला वेडी म्हण. पण आधी डोळे उघडून बघ. जावईबापू आवाज चढवतात का? ते घरी आले की ती काय करते? एवढं कळव.

लोभ नकोच, उत्तर दे.

कुमुद


॥ श्री ॥
दोहा
९ नोव्हेंबर २००२

चि. कुमुद हिस अनेक आशीर्वाद,

तुझ्या पत्राचा राग आला म्हणून लगेच लिहिलं नाही. गिरीशरावांनी दिवाळीला मला रेशमी कुडता घेतला, सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून मृणालला बांगड्या आणल्या. सहा फूट उंच, मनमोकळं हसणं, चार माणसांचं जेवण. तापट आहेत, मान्य. पण गडगडून गेलं की आभाळ मोकळं होतं, असं मी मनाशी म्हणत होतो.

परवापर्यंत. परवा आमटीत मीठ जास्त झालं. त्यांनी पातेलं उचलून भिंतीवर मारलं. उकळती आमटी मृणालच्या पायांवर उडाली. ती ओरडली नाही, कुमुद. फडकं घेऊन खाली बसली आणि भिंत पुसायला लागली. आधी भिंत, मग स्वतःचे पाय. मी हातात घास धरून बसलो होतो. तो मी नंतर खाल्लासुद्धा.

नुपूर टेबलाखाली होती. झोपवताना तिने मला इंग्रजीत विचारलं, आजोबा, थॉर घरी आल्यावर काय करतो?

मी पुस्तक पुन्हा चाळलं. पूर्वेला जाऊन राक्षस मारतो, समुद्रातला सर्प गळाला लावतो, चोरीला गेलेला घण परत मिळवायला नवरीचा शालू नेसून राक्षसाच्या मांडवात बसतो, सगळं आहे. त्याला बायको आहे, सोनेरी केसांची. पण घण घेऊन तो घरात शिरतो तेव्हा ती काय करते, हे कुणी लिहिलेलं नाही. मी नुपूरला म्हटलं, झोप आता. नवी ओळ सुचली नाही.

तू वेडी नाहीस.

दादा


नाशिक
२१ नोव्हेंबर २००२

ती. दादास सा. न.

पत्र वाचलं. शिव्या मनात दिल्या, कागदावर देत नाही. आता रडायचं नाही, कवितेत शिरायचं नाही. मी सांगते तसं कर.

मृणालला एकटीला गाठून विचार, यायचं आहे का? हो म्हणाली तर तिचा आणि नुपूरचा पासपोर्ट कुठे आहे ते बघ. मी मरणाला टेकले आहे असा निरोप पाठवते. डॉक्टरांचा कागदही मिळवीन. आत्याचं शेवटचं तोंड बघायला आली की परत पाठवायची नाही. तुझ्याच पत्रातला थॉर घण परत मिळवायला नवरीचा शालू नेसून राक्षसाच्या मांडवात बसला होता ना? मग मला चार दिवस मरायला काय हरकत आहे? नाकात कापूस घालून पडेन, हवं तर.

फक्त तू मध्येच हळवा होऊन जावयाला समजवायला जाऊ नकोस. असली माणसं समजुतीने आणखी चेकाळतात.

वाचून हे फाडून टाक.

कुमुद


दोहा
११ डिसेंबर २००२

चि. कुमुद हिस आशीर्वाद,

हे पत्र महमूद टाकणार आहेत. ते डाव्या हाताने लिहिलेलं आहे, सांभाळून घे. यापुढे उत्तरं पाकिटावरच्या पत्त्यावर, महमूद यांच्या पेटीत पाठव. आधीच्या पेटीत कधीही नाही.

तुझं मागचं पत्र मला मिळालंच नाही. गिरीशला मिळालं. टपाल कुणाच्या हातातून येतं हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, आणि तरी आपण दोघं शहाणी त्याच्याच हातून त्याच्याविरुद्ध बेत करत बसलो. ईदच्या सुट्टीत, जेवताना, त्याने ते खिशातून काढलं आणि तुझा आवाज काढून वाचलं. नाकातल्या कापसापाशी खूप हसला. मलाही ताट सरकवून जेवा म्हणाला. मग कागदाची नीट घडी केली आणि मृणालचे केस धरून तिला फरफटत स्वयंपाकघरात नेलं.

तिने मला हाक मारली, कुमुद. बाबा, अशी. त्या पुस्तकात आहे, देव संकटात सापडून थॉरचं नाव घेतात आणि नाव पुरतं उच्चारायच्या आत तो दारात उभा असतो. मला वाटतं म्हणूनच लोक हजार वर्षं त्याला विसरले नाहीत. मला ओट्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, देव जाणे. तोवर त्याने तिचं डोकं तीन-चारदा ओट्याच्या कडेवर आपटलं होतं. मी त्याच्या दंडाला लोंबकळलो. त्याने मला झटकलं तो मी फ्रिजवर आदळलो आणि उजवा हात खांद्याशी मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्याने तिच्या कानावर मारलं. उघड्या तळव्याने, पुन्हा पुन्हा, जणू काही खिळा ठोकायचा होता. कानातून रक्त आलं. दोन दात फरशीवर पडले. मी रांगत गेलो आणि त्याच्या पोटरीला चावलो. सत्तर वर्षांचा मराठीचा मास्तर, कुत्र्यासारखा चावलो, आणि सोडलं नाही. त्याने लाथेने माझा चेहरा बाजूला केला.

नुपूरने कडी काढली आणि समोरचं दार बडवलं. साजिदाबाई अनवाणी आत आल्या. हातात मोबाईल उंच धरलेला. हिंदीत म्हणाल्या, पोलिसांचा नंबर लावला आहे. आता आणखी एक हात उठला तर बटण दाबते, मग तुझी नोकरी खलास आणि तूही. तो थांबला. राग गिळायला त्याला एक क्षण लागला नाही. म्हणजे येत होतं त्याला थांबायला. एवढी वर्षं येत होतं.

पोलिसांत गेलं तर कंपनी हाकलेल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच तोडगा काढला. खुणा जाईपर्यंत मृणाल इथे लोकांना दिसायला नको. म्हणून तिने आणि नुपूरने शाळेची सुट्टी नाशिकात काढावी. परतीचं तिकीट १९ जानेवारीचं. तोवर मी इथे राहायचं. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात. तो हसून म्हणाला, बाबांना सोडून ती कुठे जाते!

साजिदाबाई तक्रार करूया म्हणत होत्या. मृणालने मानेने नको म्हटलं, नुपूरला इथून बाहेर काढू द्या आधी, म्हणाली. शनिवारी, २१ तारखेला, दोघी पोचतील. स्टेशनवर न्यायला जा, आणि तिच्या डाव्या बाजूने बोलू नकोस. तिकडून ऐकू येत नाही.

दादा


नाशिक
२ जानेवारी २००३

ती. बाबांस मृणालचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. कानाच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. ऑपरेशन करून बघू म्हणतात. दात बसवले. आत्या माझ्या उजव्या हाताला बसून जेवते आणि सारखं काहीतरी वाढते. नुपूर आता अंथरूण ओलं करत नाही. मराठीत भांडते, आत्याशीच.

गिरीशचा रोज फोन येतो. आवाज अगदी लग्नाआधीसारखा. रडतो, शपथा घेतो. शेवटी दर वेळी सांगतो, बाबा मजेत आहेत, हे काय समोरच बसलेत, आता त्यांना आंघोळ घालतो. बाबा, तो तुम्हाला आंघोळ घालतो? तुमचा मोडका हात त्याच्या हातात असतो?

मी १९ तारखेला येते आहे. आत्या बोलत नाही माझ्याशी, पण मी ठरवलं आहे. तुम्हाला तिथे ठेवून इथे मला घास उतरत नाही. नुपूरला आत्याकडे ठेवते. मी आले की तो तुम्हाला सोडेल. माझं पुढचं पुढे.

हाताला तेल लावू नका, सूज वाढेल. तुमची माया मागत नाही, ती आहेच.

मृणाल


॥ श्री ॥
दोहा
८ जानेवारी २००३

चि. मृणाल हिस बाबाचे उदंड आशीर्वाद,

हे पत्र महमूद यांचे एक मित्र मुंबईला निघालेत, त्यांच्यासोबत पाठवतो आहे, म्हणजे चार-पाच दिवसांत पोचेल.

हो, आंघोळ घालतो. परवा पाणी जरा जास्त गरम होतं आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी चेहरा हलू दिला नाही. कधी हात पुसताना दुखऱ्या खांद्यावर अंगठा ठेवतो आणि दाबतो, नाशिकची हवा कशी आहे विचारतो. छान आहे म्हणतो मी. खोटं सांगून तुला इथे ओढायचं नाही आणि खोटं सांगून धीरही द्यायचा नाही, म्हणून हे लिहितो.

पण तो मला ठेवून घेऊ शकत नाही, हे तुला कळायला हवं. माझा व्हिसा एकतीस जानेवारीला संपतो. त्यानंतर मी इथे राहिलो तर जबाब त्यालाच द्यावा लागेल, आणि सरकारी माणसासमोर तो किती मऊ होतो ते तू पाहिलं आहेस. तू आलीस तर मात्र तुला काही तारीख नाही.

नुपूरने पुस्तक इथेच टाकलं होतं, त्यातली शेवटची गोष्ट मी काल वाचली. थॉरला फसवून एका राक्षसाच्या घरी नेतात, आणि त्या खेपेला त्याच्याजवळ घण नसतो. वाटेत एक बाई त्याला आपली काठी आणि लोखंडी हातमोजे उसने देते. नदी खांद्यापर्यंत चढते, पण तो परत फिरत नाही. सगळ्या गोष्टींत मला हीच आवडली. त्या मुलखातली माणसं अजून त्याच्या घणाची छोटी प्रतिमा गळ्यात घालतात म्हणे. हवं ते घालोत बापडी. मला रिकाम्या हाताने नदीत उतरलेला तोच बरा वाटला. नुपूरला हे गद्यातच सांग.

आता नीट वाच. परतीचं तिकीट फाडून टाक. शुक्रवारी सतराला फोन कर, इथले दुपारचे दोन वाजता. त्या दिवशी सुट्टी. साजिदाबाई आणि महमूद घरी असतात. त्यांच्याशी बोलणं झालं आहे. त्यांचं दार उघडं असेल आणि मी आमच्या दाराची कडी काढून ठेवीन. या वेळी बटण आधीच दाबायचं ठरलं आहे. एका मोडक्या हाताची तक्रार तर आहेच, दुसरी झाली तर तीही लिहून देईन.

फोन तोच उचलेल. रडू नकोस, कारणं देऊ नकोस, माझी चौकशी करू नकोस. मी येत नाही, एवढंच म्हण आणि ठेवून दे. तो रिसीव्हर खाली ठेवून वळेल तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसलेला असेन.

कुमुदला सांग, तुळशीला पाणी घालत जा. नुपूरला पापा. लोभ तिकडे दोघींवर करा, इथला मी बघतो.

तुझा
बाबा