व्हेल्माताईचा तराजू

हॉर्सशू रन, पेनसिल्व्हेनिया
२४ सप्टेंबर १९७८

प्रिय व्हेल्माताई,

धाकट्या भावाचा तुला नमस्कार. तुझं मोडलेलं खुब्याचं हाड आता काय म्हणतंय? ॲरिझोनाच्या उन्हात ते छान शेकत असेल. जॅनेलला मामाचे आशीर्वाद सांग. तिने तुला फेब्रुवारीत बर्फावरून उचलून थेट आपल्या घरी नेलं, हे फार बरं केलं. तुझं घर विकायचं म्हणते तेही शहाणपणाचंच आहे. माझी काही हरकत नाही. मी शेजारी राहतो म्हणून माझा विचार करू नकोस. आम्ही मजेत आहोत. आर्लीनच्या गुडघ्याला आराम आहे आणि माझी तब्येत ठणठणीत आहे. (खोकला आहे, पण तो १९६१ पासूनचा.)

आता ऑक्टोबरच्या जोडी-नेमबाजीविषयी. एकाने काडतुसं भरायची, दुसऱ्याने झाडायची आणि क्लबच्या फळीवर दोघांची नावं लागायची. एकोणीस वर्षं तू भरलीस आणि मी झाडली. लोक माझ्या नजरेचं कौतुक करायचे आणि तू मागे बसून विणकाम करायचीस. ऑगस्टमध्ये मला वाटलं, यात असं काय मोठं आहे? पितळी पुंगळीत बारूद घालायची, वर गोळी बसवायची. हे काम मीही करू शकतो. तुझ्या घरून मी तुझा तराजू, तुझी वही आणि तो लाकडी खोका (वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून तू ज्यात तराजू ठेवतेस तो) घेऊन आलो. तराजूवर धूळ होती. मी तो मऊ फडक्याने पुसला. मग बघतो तर काय, पारडं रिकामं असूनही काटा रेषेच्या केसभर खाली! बिचारी म्हातारी झाली, मी मनात म्हटलं, तिला दिसलंच नसेल. पायाचा स्क्रू फिरवून मी काटा रेषेवर आणला. इतकं समाधान मला लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. (हे पत्र आर्लीन वाचणार नाही.)

तुझ्या वहीतल्या आकड्याप्रमाणे काडतुसं भरली आणि शंभर यार्डांवर पाच झाडली. तू भरायचीस तेव्हा पाचही गोळ्यांचं मिळून एकच भोक पडायचं, शर्टाच्या बटणाएवढं. माझ्या पाच भोकांवर कॉफीची बशी ठेवली असती तरी एक बाहेर राहिलं असतं.

बंदूक तीच, नजर तीच, तेव्हा दोष बारूदीचा, असं मी ठरवलं. तुझी ती बारीक काड्यांसारखी बारूद मापातून जाताना अडकते, कुरकुरते. दुकानदाराने रव्यासारखी गोल दाण्यांची दुसरी दिली. ती काय सुरेख घरंगळते, ताई! आणि आकडे त्याच्याच छापील तक्त्यातले घेतले, अंदाजपंचे काही केलं नाही, काळजी करू नकोस. काम मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं होतं, त्या बारूदीतली थोडी टेबलक्लॉथवर घरंगळली. शेवटचा दाणा वेचला जाईपर्यंत गॅस पेटवणार नाही, असं आर्लीनने जाहीर केलं. दाणे माझ्याकडूनच वेचून घेतले, चष्मा लावायला लावून. तीन दिवस आम्ही थंड सँडविच खाल्ली. आणि त्या सुरेख बारूदीने भोकं आणखी पांगली.

मग दोष गोळीचा. हलकी गोळी वाऱ्याने भरकटते, म्हणून मी लांब, जड गोळ्या आणल्या. दिसायला फार रुबाबदार. आपल्या बंदुकीच्या जुन्या नळीचे आतले आटे इतक्या लांब गोळीला पुरेशी फिरकी देत नाहीत, हे तू मला बहुधा दहा वेळा सांगितलं असशील. मी दहाही वेळा मान हलवली असणार. गोळ्या हवेत कोलमडल्या आणि कागदावर आडव्या आपटल्या. भोकं गोल नाहीत, लांबट, कुलपाच्या भोकासारखी. क्लबातला डार्विन स्टाउफर शेजारच्या बाकावर होता, दुर्बिणीला डोळा लावून. "एल्वुड," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दार उघडायचं असेल तर आधी वाजवून बघ ना लेका!" मग जवळ येऊन हळूच विचारलं, "व्हेल्मा कधी येतेय?" मी म्हटलं, ती तिकडे सुखात आहे. त्याने मला चिकन-मक्याचं सूप आणून दिलं, स्वतःच्या पैशाने. डार्विनने! त्यावरून माझी अवस्था कशी दिसत असेल ते ओळख.

शेवटी पुन्हा तुझीच बारूद, तुझीच हलकी गोळी, तुझाच आकडा. आणि पुन्हा बशी. तेव्हा कुठे मी तराजू उलटा करून पाहिला. स्क्रूवर आणि पायावर तुझ्या नखांच्या लाल रंगाची एक बारीक रेघ आहे. पूर्वी ती सलग असणार. आता तिचे दोन तुकडे दोन दिशांना तोंड करून बसलेत.

म्हणजे तराजू चुकीचाच होता, पण रोज तेवढाच चुकत होता. वहीतले सगळे आकडे त्या चुकीला धरून लिहिलेले. मी चूक सुधारली आणि प्रत्येक काडतुसात बारूद चिमूटभर कमी पडायला लागली. एकोणीस वर्षांचं तुझं काम मी एका फडक्याने पुसलं.

असो. तू तिकडेच राहा. इथे थंडी पडायला लागलीच आहे.

तुझा,
एल्वुड

ता. क. काटा नेमका किती खाली असायचा, तेवढं आठवून कळव. स्पर्धा चौदा तारखेला आहे. पत्रात नीट सांगता येणार नसेल तर मला वाटतं स्वतः येऊन दाखवणंच सोपं पडेल. तराजूसाठी म्हणतोय.

ता. क. २. घर बघायला एक जोडपं आलं होतं. तळघरात पाणी येतं असं मी त्यांना सांगितलं. (येत नाही. पण येऊ शकतं.)

वन्सं, आर्लीनचा नमस्कार. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. लग्नाच्या दिवसाचं मी नंतर बघते.

तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर तुमच्याच अक्षरात लिहिलंय: "काटा तीन दशांश खाली राहतो. राहू दे. एल्वुडला हात लावू देऊ नये." त्यांनी ते मंगळवारी वाचलं. टेबलक्लॉथच्या प्रकारानंतर मी सगळं सामान तुमच्या स्वयंपाकघरात हलवायला लावलंय; तिथे एकटेच मोठमोठ्याने हसत होते, मला इकडे ऐकू आलं. मग घरी आले, नाक शिंकरलं आणि पत्राचा कागद मागितला. स्क्रू बुधवारीच जागेवर बसवलाय. स्पर्धेच्या अर्जावर भरणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव लिहून तो या महिन्याच्या एक तारखेलाच दिलाय. तुमच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवलाय, शोभेसाठी म्हणे.

गुरुवारी झाडलेला कागद त्यांना न सांगता सोबत घालतेय. पाच गोळ्या आहेत, भोक एकच दिसतंय. त्यांनी मोजलेलं मला पटत नाही. तुम्ही इथे येऊन मोजा.