लोखंडी खलबत्त्यातली पूड

दसऱ्यानंतरचा सोमवार, संध्याकाळ

कागदाखालून चुंबक फिरवला की पूड उभी राहते. सकाळी माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी हे पाहिलं आणि डिपार्टमेंटभर पेढे वाटले. लँथॅनम-मँगनीजच्या पेरोव्स्काइट म्हणजे विशिष्ट स्फटिकरचनेच्या ऑक्साइडात मी कॅल्शियम मिसळते. ते खूप थंड केल्यावरच चुंबकाकडे ओढलं जातं. माझं खोलीच्या साध्या तापमानालाच ओढलं गेलं! मग आनंद का होत नाहीये?

कारण मला माहीत आहे. खंडेनवमीला लॅबमधला अगेटचा, म्हणजे कठीण अकीक दगडाचा खल पूजेला मांडलेला, दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. भट्टीतून निघालेली वडी कुटायची घाई मलाच. आईचा लसणाचा लोखंडी खलबत्ता घरून नेला. चांगला घासून धुतला होता की! पण धुऊन लोखंड थोडंच जातं?

आत्ता त्यात चिनी मातीच्या फुटक्या कपाचा तुकडा कुटला. पांढरी पूड करडी झाली. कागदाखालून चुंबक फिरवला. उभी राहिली.

आई म्हणाली, "म्हंजी इतकी वर्षं आम्ही लोखंड खाल्लं व्हय गं?" मला हसू आलं नाही. सर उद्या हाच निकाल विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे मांडणार. मी गप्प बसले तर? कुणाला कळणार आहे?

शेवटी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू खल मागायला आली होतीस. पूजा मोडू नको म्हणून मीच परत पाठवलं की तुला."

उद्या निकाल मांडणार की नाही, ते मात्र बोलले नाहीत.