नांदेडच्या ताईंचा निरोप

आत्याबाई,

नांदेडच्या ताईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. मी "सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. तुम्हाला जाऊन वर्षं झाली, हे त्यांना माहीत नाही, आणि मीही ते सांगितलं नाही. आता दिलेला शब्द पाळायचा तर लिहिण्यावाचून मार्ग नाही, म्हणून बसले आहे. मसाल्याच्या खोलीतच, तुमच्या पाटावर. पुड्या भरायला येणाऱ्या मावशी जेवायला घरी गेल्यात, चक्की बंद आहे. एवढ्यातच पाय आखडलेत माझे. तुम्ही अख्खा दिवस कशा बसत होतात, देव जाणे.

निरोपाच्या आधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाही तर म्हणाल, शेंडा ना बुडखा, काय सुरू केलंस. तर आपलं दुकान हलवलं. घाबरू नका, घर तेच, लातूर तेच, आमटीच्या येसराचे गहू-डाळी भाजायची कढईही तीच. फोनमधलं दुकान हलवलं. तुमच्या लेकाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या मित्रानं बनवून दिलेली ती साइट आठवते ना, जिला तुम्ही "पडद्यावरचं दुकान" म्हणायचात? ती फारच म्हातारी झाली होती. फोनवर उघडली की काळ्या मसाल्याचा फोटो अर्धाच दिसायचा, पैसे भरताना चक्र फिरत राहायचं, आणि गिऱ्हाईक वैतागून फोन करायचं, की ताई, ऑर्डर गेली का राहिली? ज्या कंपनीच्या आधारावर ती उभी होती, तिनं तर कळवूनच टाकलं, की आता आमच्याच्यानं होणार नाही, तुम्ही आपलं बघा. मग नांदेडचा एक पोरगा गाठला. हुशार आहे, बोलायला गोड आहे. तो म्हणाला, एका मोठ्या कंपनीच्या साइटवर भाड्याचं नवं दुकान घेऊ, महिन्याच्या महिन्याला भाडं, बाकी सगळी दुरुस्ती त्यांची. मी हो म्हणाले. त्यात काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

चुकलं ते पुढं. जुन्या दुकानातला सगळा माल एका लांबलचक तक्त्यात उतरवायचा असतो आणि तो तक्ता नव्या दुकानात ओतायचा असतो. येसर, मेतकूट, काळा मसाला, खारोड्या, शेवया, प्रत्येकाचं वजन, फोटो, दर. मग गिऱ्हाइकांचा तक्ता. त्यात नाव, पत्ता, फोन, आधी काय काय नेलं ते. पोरगा रोज फोन करायचा, "ताई, डेटा हलवून राहिलो, आज फोटो झाले." पहिला फोटो तुमचा हलवला बरं का. औशाच्या शेतात हरभऱ्याचा डहाळा हातात धरून, डोळे बारीक करून हसताय तो. दुकान उघडलं की आधी तुम्हीच दिसता. म्हणून तर लोकांना वाटतं, तुम्ही अजून आहात.

आणि एक दिवस तो म्हणाला, "हा शेवटचा रकाना कशात टाकू? 'घरी कोण कोण आहे?' असला काही प्रकार नव्या दुकानात नाही."

तो प्रकार तुमचा होता, आत्याबाई. आठवतंय? पडद्यावरचं दुकान नवंनवं होतं. मी ऑर्डर वाचून दाखवायची आणि तुम्ही पुड्या भरायच्या. पुण्याला येसर, सोलापूरला मेतकूट. तुम्ही हात थांबवून विचारलं, यांच्या घरी कोन कोन हाय? मी म्हणाले, ते साइटवर येत नाही. तुम्ही पुडी खाली ठेवलीत. "मंग वानोळा कुनाच्या अंदाजानं घालायचा?" मला हसू आलं होतं. विकलेल्या मालात कसला वानोळा? शेतातलं नवं काही आलं की सोयऱ्याधायऱ्यांना, शेजारपाजाऱ्यांना मूठभर पाठवायचं, ते वेगळं. ते घरचं. इथं पैसे घेऊन माल देतोय आपण. पण तुमचं म्हणणं पक्कं होतं. ज्याच्या चुलीवर आपलं येसर शिजणार, त्याच्या घरी कोण जेवतंय ते माहीत नको? न विचारता पाठवणं म्हणजे भिंतीवरून फेकणं. मग तुमच्या लेकानं मित्राला सांगून ती चौकट बसवून घेतली, पत्त्याच्या खाली. मित्र कपाळाला हात लावून म्हणाला होता, लोकांना वाटेल जनगणना चाललीय.

पण लोकांनी लिहिलं की हो. कुणी लिहिलं, "आम्ही दोघं आणि मांजर." पुण्याच्या एका खोलीतल्या पोरांनी लिहिलं, "चौघं, एकालाही स्वयंपाक येत नाही." तुम्ही लई हसलात. त्यांना शेंगा घातल्यात आणि माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतलीत, की येसर पाण्यात कालवा, फोडणीला घाला, उकळी येऊस्तोवर ढवळत राहा, फोन बघू नका. म्हाताऱ्यांना चिंच नाही, लेकरांना राजगिऱ्याचे लाडू, बाळंतिणीला बाळंतशेपा. मी एकदा घाईत सगळ्याच खोक्यांत लसणाचा ठेचा भरला होता. कुरियरवाला दारात उभा, आणि तुम्ही टेप मारलेली खोकी परत उघडायला लावलीत. "वल्या बाळंतिणीला ठेचा पाठिवतीस? तुजं बाळंतपण काडलं तवा म्या तुला ठेचा दिलता का?" कुरियरवाल्यासमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर बोलले नाही तुमच्याशी. संध्याकाळी तुम्ही माझ्या ताटात मऊ भात आणि मेतकूट वाढलंत, वरून तूप, आणि काही न बोलता निघून गेलात. राग आला की मला जेवण जात नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

आणि नांदेडच्या ताई. "मी आणि आई. आईला दात नाहीत." कायम तेवढंच लिहायच्या. त्यांना तुम्ही मेतकुटाची डबी घालायचात, स्टीलची, झाकण घट्ट बसणारी. पहिली डबी त्यांनी परत पाठवली, एसटीनं. तेव्हा अहमदपूरवरून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडं देत लोक. उघडली तर आत लिंबाचं गोड लोणचं. तुम्ही डबी दोन्ही हातांत धरून बसून राहिलात. म्हणालात, "रिकामी न्हाई धाडली बग माय." त्यांना कधी पाहिलं नाहीत, बोललाही नाहीत, पण त्यांचं नाव निघालं की तुमचा आवाज माहेरच्या माणसाचा व्हायचा. तुम्ही गेल्यावरही ती डबी जात-येत राहिली. बाकी कशात नसेल, पण त्यात मी खंड पडू दिला नव्हता.

तर तो पोरगा विचारतोय, रकाना कशात टाकू. वर म्हणाला, पैसे भरायच्या आधी गिऱ्हाइकाला जास्त विचारलं की ते मधूनच पळून जातं. आणि माझ्याही डोक्यात चाललंच होतं. अर्ध्या किलोच्या वर गेलं की कुरियर दुसरा दर लावतं, वानोळ्यानं हटकून वर जातं. मावशींना रोज वाचून दाखवा, कुणाला काय ते ठरवा, त्यात अर्धी दुपार जाते. मी म्हणाले, "सोडून दे." एवढंच. चहा ओतता ओतता म्हणाले. वानोळ्याच्या जागी छान गुळगुळीत कार्ड छापून घेतलं, आभार मानणारं, पुढच्या खरेदीला सूट. पहिल्या दिवशी मावशी लेबल हातात धरून म्हणाल्या, "घरी कोन हाय ते लिवलंच न्हाई की ओ यात." मी म्हणाले, आता कार्ड टाकायचं. त्यांनी टाकलं. पण माझ्याकडं बघितलं नाही.

दुकान मात्र काय पळायला लागलं म्हणून सांगू! चक्र नाही, तक्रार नाही. तुमचा लेक खूश, पोरगा खूश. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

मग नांदेडच्या ताईंचा फोन आला. मी इथंच होते, धणे निवडत होते. त्या म्हणाल्या, "ताई, या वेळी डबी आली नाही." मी नव्या दुकानाचं सांगायला सुरुवात करणार, माफी मागणार, तेवढ्यात त्याच पुढं म्हणाल्या,

"आई गेली हे मी तुमच्याकडं कळवलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं हो?"

माझ्या हातातले धणे हातातच राहिले. त्या बोलत होत्या, सावकाश. खोकं दोन दिवस उघडलंच नव्हतं म्हणे. डबी निघाली असती तर ती कुठं ठेवायची, हेच सुचत नव्हतं. शेवटी उघडलं, तर डबी नाही, नुसतं कार्ड. तेव्हा पहिल्यांदा मोकळं रडता आलं. "सगळे येऊन बोलून गेले ताई. न बोलता कळलं ते तुम्हालाच."

आणि मी काय केलं असेल? मी म्हणाले, "कळतं हो, ताई."

जीभ कशी रेटली माझी! एक रकाना कापला, वजन वाचवलं, आणि त्याची माया म्हणून पावती घेतली. त्या म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंच्याच ध्यानात आलं असणार, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी "सांगते" म्हणाले. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं, की ताई, त्याही नाहीत आता, आणि डबी आली नाही ती मीच बंद केल्यामुळं. पण एकाच फोनवर त्यांची आई आणि तुम्ही, दोघींना कसं नेऊ त्यांच्यापासून? असं मी स्वतःला समजावलं. खरं तर लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

त्याच दिवशी पोराला फोन लावला. चौकट परत बसव म्हणाले. वाटलं होतं नाही म्हणेल, खर्च सांगेल. तो म्हणाला, "एवढंच ना ताई? आधीच सांगायचं न मग. होऊन जाते." चहा निवायच्या आत झालंही. कुणी अडवलंच नव्हतं मला, आत्याबाई. हेच जास्त लागलं.

आज सकाळी नांदेडची ऑर्डर आली. येसर अर्धा किलो, नेहमी किलो असायचं. खाली चौकटीत एकच शब्द आहे, "मी."

खोकं समोर उघडं आहे. येसर भरलंय, डबीही घासून-पुसून ठेवलीय. बाळंतिणीचं मला येतं, लेकरांचं येतं, दात नसलेल्यांचं येतं. मेतकूट घालू तर आई आठवेल, लोणचं तर त्यांचंच. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, थोरल्या बाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. सकाळपासून डबी या हातातून त्या हातात करतेय.

तुम्ही एकदा सांगत होतात. कढईत गहू होते, तुम्ही हलवत होतात, मी शेजारी पुड्यांना लेबलं लावत होते. तुम्ही म्हणालात, "एकट्याचं येगळं असतंय बग. एकट्या मानसाला काय द्यावं, तर..." आणि माझा फोन वाजला. कुणाचा होता तेही आता आठवत नाही. बोलून होईस्तोवर तुमचे गहू उतरले होते. नंतर विचारू म्हणाले, आणि विचारलंच नाही.